नर पपईचं फळ

आज सकाळी परसातल्या पपईला लांब देठावर लोंबकळणारं हिरवं फळ दिसलं. नेमके तेव्हाच शेजारचे दामलेसर कोयता घेऊन हजर! वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक. फुलं बघूनच त्यांनी माझ्या बायकोला ठणकावलं होतं, "वहिनी, नर झाड आहे. जन्मात फळ धरायचं नाही, तोडून टाकू."

बायकोने ते बीपासून वाढवलेलं. ती खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"सर, मग हे काय लोंबतंय?" मी विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. इतका पुसला की काच निम्मी झिजली असेल.

"तो अपवाद. अपवाद धरायचा नसतो."

चुकतो तर मीही, दिवसातून हजारदा. वैताग येतो तो या 'अपवाद' शब्दाचा. डोळ्यांसमोरच्या खऱ्याला तो गोड बोलून दाराबाहेर बसवतो आणि आत पुस्तक लोडाला टेकून बसतं. उद्या सूर्य पश्चिमेला उगवला, तर ही मंडळी सूर्यालाच नापास करतील!

"सर, तुमचा अपवाद पिकेपर्यंत तरी थांबा," बायको म्हणाली.

सरांनी कोयता खाली केला. "थांबतो. पण गोड निघणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."