रोज एक फोटो, एकाच जागेवरून

फोन वाजला तेव्हा मी गच्चीवर होते आणि माझं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर होतं. खाली सासूबाईंनी फोन घेतला. त्यांनी मला हाक मारली नाही. नुसतं "अरे देवा रे" म्हणाल्या, आणि मला कळलं. माझा धाकटा भाऊ दिनू पालघरला हॉस्पिटलात होता, तो गेला. बटण दाबलं गेलं की नाही, ते मला आठवत नाही. जिना कसा उतरले तेही आठवत नाही.

आदल्या संध्याकाळी मी त्याला भेटून आले होते. डोळे मिटून पडला होता. कपाळावर हात ठेवला तर म्हणाला, "बाय, आजचा काढला?"

"काढला."

"घट्ट?"

"घट्ट."

 माझं आणि त्याचं शेवटचं बोलणं एवढंच...

दिनू बोईसरला कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. राहायला सरावलीला, बायको वैशाली आणि तो. पाळीवरून आले की लोक झोपतात, हा कॅमेरा घेऊन बसायचा. लग्नातले फोटो काढणारा कॅमेरा नव्हे. म्हणजे कॅमेरा तोच, पण हा त्याला तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवून द्यायचा आणि तो आपला आपण दिवसभर टक टक करत फोटो काढायचा. मग ते सगळे फोटो लॅपटॉपवर जोडले की आख्खा दिवस चहा संपेपर्यंत बघून होतो. त्याला टाइमलॅप्स म्हणतात, हे त्यानेच मला सांगितलं.

पहिल्यांदा तो तिकाटणं घेऊन आमच्या गावी, दांडीला आला तो बोंबलांसाठी. आम्ही सकाळी बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगतो. ओले असतात तेव्हा पाण्यासारखे लोंबतात, उन्हं चढली की आखडत जातात. ते आखडणं त्याला दाखवायचं होतं. कॅमेरा अंगणात लावून तो आमच्या ह्यांच्याबरोबर बंदरावर गेला. जाताना सासूबाईंना सांगून गेला, "आये, कावळ्यांवर लक्ष ठेवा. चोच मारतील." सासूबाईंनी लक्ष ठेवलं. आम्ही सुक्या मासळीवर कावळ्यांसाठी जुनं जाळं टाकतो, तसं त्यांनी कॅमेऱ्यावरही टाकलं, चारी बाजूंनी दगड ठेवून. दिनू परत आला आणि कपाळाला हात लावून मटकन खाली बसला.

"अरे, मग कावळा आला का एक तरी?" सासूबाई म्हणाल्या.

"नाय आये. कावळा नाय आला. उजेडपन नाय आला."

पण त्याने तेही जोडलं. संध्याकाळी ओटीवर सगळ्यांना दाखवलं. जाळ्याच्या चौकटींमागे आमचं अंगण, सावल्या या बाजूच्या त्या बाजूला सरकतात, बोंबील बारीक होत जातात. आणि मुंगीसारखी पळापळ करणारी एक निळी साडी. मी कुणाच्या फोटोत उभी राहत नाही, लग्नातसुद्धा मागे सरते. दिनू सगळ्यांसमोर म्हणाला, "फोटोत येत नाय म्हणते ही! बघा, आख्ख्या पिक्चरमदी हीच धावते." मी आत पळाले. सासूबाई मात्र जाळ्याकडे बोट दाखवून येईल त्याला सांगायच्या, "ते मी टाकलेलं."

गेल्या नारळी पुनवेला त्याने मोठं काम काढलं. आमच्या घरासमोरचा किनारा दरवर्षी थोडा थोडा जातो. माझ्या लग्नात जिथे मांडव होता तिथे आता भरतीचं पाणी येतं. दिनू म्हणाला, "तुमी रोज बघता म्हणून दिसत नाय. एका जागेवरून रोज एक फोटो काढायचा, वर्षाचे जोडायचे. मग दिसेल." त्याने गच्चीच्या कठड्यावर सिमेंटची छोटी बैठक केली, कॅमेरा बसेल एवढी. कॅमेरा माझ्याकडे ठेवला. सकाळी बैठकीत ठेवायचा, समोरच्या नारळाकडे तोंड करायचं आणि बटण दाबायचं.

"मला नाय जमायचं," मी म्हटलं. "माझी शाळा चौथीपर्यंत."

"बटनाला काय शाळा लागते? हात घट्ट पायजे."

तेव्हापासून फोटो काढला की मी फोन करायचे, काढला म्हणून. तो विचारायचा, "घट्ट?" रविवारी येऊन फोटो लॅपटॉपमध्ये भरून घ्यायचा. दिवाळीनंतर त्याने तोवरचे जोडून दाखवले. नारळ, कठडा, शेजाऱ्यांचं छप्पर जागच्या जागी, दगडासारखं. फक्त समुद्र पुढे येतो, मागे जातो, आणि वाळू कमी होत जाते. मला म्हणाला, "बघ, हाय ना तुझा हात घट्ट." मला किती बरं वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

थंडीत त्याचं लिव्हरचं दुखणं निघालं. वैशाली पॅकिंगच्या कामाला जाते, दिवसा घरी कुणी नाही, म्हणून त्याला मी दांडीला आणलं. ओटीवर खाट टाकली. मी पेज करायचे, तो दोन घोट घ्यायचा. लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक फोटो उघडायचा, केसाएवढा इकडे तिकडे सरकवायचा, बंद करायचा, पुढचा उघडायचा. मी विचारलं, "काय करतो रे दिवसभर?" म्हणाला, "साफ करतो. कचरा असतो."

सकाळी मी गच्चीवरून ओरडायचे, "काढला रे!" खालून त्याचा आवाज यायचा, "घट्ट?" तो आवाज लहान होत गेला असेल. मला रोज ऐकून कळलं नाही. केळव्याहून आमची मावशी आली, तिने त्याला बघितलं आणि पदर तोंडात धरून परसात गेली. "अगं, काय राहिलं गं पोराचं? तुला दिसत नाय?" मी ओटीवर येऊन त्याच्याकडे बघितलं. मला तो कालच्यासारखाच दिसला. रोज बघत होते ना...

पुनवेला सगळे फोटो जोडून देतो म्हणाला होता. शिमग्यानंतर त्याला पालघरला हॉस्पिटलात नेलं, तिथेच तो गेला. मध्ये राहिलेलं काम तसंच राहिलं. लॅपटॉप उघडायचा तर कसला शब्द लागतो, तो वैशालीलाही माहीत नाही. पण कॅमेऱ्यातल्या कार्डात सगळे फोटो असतात असं तिला ठाऊक होतं. परवा मी तिच्याबरोबर बोईसरला गेले. स्टेशनजवळ लग्नाचे अल्बम करतात ते दुकान. दुकानदार हिंदी बोलणारा, चष्मेवाला, वयस्कर माणूस. त्याने सगळे फोटो एकामागून एक लावून दिले. थोड्या वेळाचं काम होतं ते. मला वाटलं, एवढंच होतं होय?

मग त्याने ते चालवलं. नारळ थरथरत होता. कठडा, छप्पर, होड्या, सगळं भूकंप झाल्यासारखं हलत होतं. पहिल्या दिवसापासून. दिवाळीनंतर मी जे दगडासारखं बघितलं होतं, तेसुद्धा. किनारा कुठे गेला ते दिसतच नव्हतं.

"दीदी, सब हिला हुआ है," तो म्हणाला. "कॅमेरा रोज थोडा घूम गया. एक-एक फोटो हाथ से सीधा करना पडेगा. कौन करेगा इतना?"

 कोण करायचं ते मी बघितलं होतं, ओटीवर, पेजेचं भांडं हातात घेऊन बघितलं होतं.

शेवटाकडे पडद्यावर एकदम नुसतं आभाळ चमकून गेलं. तो थांबला, मागे गेला. एका फोटोत समुद्र नाही, नारळ नाही. कॅमेरा कलंडलेला, वर पांढरं आभाळ. म्हणजे बटण दाबलं गेलं होतं.

"ये खराब है. निकाल दूँ?"

"नको," मी म्हटलं. अनोळखी माणसाशी माझा आवाज निघत नाही, पण तेव्हा निघाला. "तो राहू द्या."

वैशालीने माझ्याकडे बघितलं. तिला मी सांगितलं नाही, कुठला दिवस तो.

पुनव यायची आहे अजून, म्हणून मी रोज फोटो काढते. सिमेंटच्या बैठकीत कॅमेरा ठेवला की तो किंचित हलतो, हे आता मला हाताला कळतं. मी त्याला दाबून धरते, श्वास धरते, तरी बोट लावताना काहीतरी सरकतं. खाली ओटीवर खाट उभी करून ठेवली आहे. आज सकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "काढला रे."

"काय काढलं?" खालून सासूबाईंनी विचारलं. त्या बोंबील टांगत होत्या.

"काय नाय, आये."

"मग ये खाली. जाळं धर."