पेन्सिलीने लिहिलेला छंद

शहाळं तासायच्या कोयतीने पेन्सिलीला टोक काढणारा माणूस मी एकच पाहिला, कट्टा गावातल्या माझ्या लेकीच्या शाळेतले क्लार्क. तिच्या छंदवर्गाच्या अर्जावर मी पेनने ‘संगणक’ लिहिलं, तर त्यांनी नवा अर्ज आणि पेन्सिल पुढे केली.

“पेनान नको ओ. पोरांका आठ दिस सगळ्या वर्गांत बसांदेत, मगे पक्कां करूया.”

मी पेन्सिलीनेही दाबूनच लिहिलं.

आठव्या दिवशी लेक पखवाजावर सापडली. बोटं लालबुंद, पण उठायला तयार नाही. क्लार्कनी खोडरबर सरकवलं. मी खोडलं, तरी ‘संगणक’ कागदावर उमटलेलाच.

“ऱ्हवांदेत,” ते हसले. “ह्यो छंद तुमचो दिसता. शनवारी येवा, मी शिकवतंय.”

गेले तीन शनिवार मी जातोय.