दहा वेळा स्वागत

अगरबत्ती आणि तापलेलं प्लास्टिक यांचा वास एकत्र आला की मी अजून खिडकी उघडतो.

नालवाडीतल्या संगणकवर्गाचं उद्घाटन होतं. चपला बाहेर, मॉनिटरला हार. पाहुण्यांचं नाव पडद्यावर दहा वेळा उमटवणारा पास्कल भाषेतला प्रोग्राम वर्गातल्या वंदनाने लिहिला होता, आयुष्यातला पहिला. सुटलेले अर्धविराम मी घातले आणि मोजणी वाढवणारी ओळही जोडली. त्या ओळीविना नाव थांबलंच नसतं. दहाला थांबलं.

"बस, एवढंच?" पाहुणे म्हणाले.

"काऊन थांबवलं बे? काढ ते ओळ," वर्ग चालवणारे सर माझ्यावर खेकसले.

मी काढली. नाव अखंड वाहू लागलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे माह्यंच बराबर होतं ना?" वंदनाने विचारलं.

सरांकडे बघत मी हो म्हणालो. तेव्हा सरांची किळस आली होती. आता माझ्या त्या खोट्या होकाराची येते.