"दुसरा धर्म लिहायचा, काय बिघडतं?"

मंडळी, आज एक कागद मला झेरॉक्सचे दोन रुपये आणि एक जुनी मैत्री, एवढ्याला पडला.

आमच्या खांदा कॉलनीतल्या शिरीनताई बहाई धर्माच्या, मूळच्या इराणच्या. तिकडे त्यांची भाची मेडिकलची प्रवेश परीक्षा पास झाली, तरी प्रवेश नाही. का, तर ती बहाई. तिथलं सरकार बहाई मुलांना कॉलेजात बसूच देत नाही. त्याविरुद्धच्या अर्जावर सह्या हव्या होत्या. मी म्हटलं, "ताई, चिंता सोडा. कॉलनीत माझ्या शब्दाला कोणी नाही म्हणत नाही." आणि अर्ज माझ्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर ठेवला.

सकाळी माझे मित्र, निवृत्त हेडमास्तर, खिळे घ्यायला आले. वाचून म्हणाले, "अरे, फॉर्मवर दुसरा धर्म लिहायचा. काय बिघडतं? डॉक्टर झाल्यावर कोण विचारतंय?"

शिरीनताई शेजारीच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "सर, खोटं कसं लिहिणार ती?"

"मग भोगा!" मास्तर हसले.

माझं डोकंच फिरलं. "मास्तर, खोटं बोलणाऱ्या पोरांना अंगठे धरायला लावायचात ना तुम्ही? ही पोरगी खरं बोलली, तर हिलाच शिक्षा?"

मास्तर खिळे न घेताच निघून गेले.

दुपारी शेजारच्या विचुंबे गावचे एक गिऱ्हाईक म्हणाले, "शेठ, सही करून उद्या पोलीस आले तं? आपल्याला नाय जमायचा."

तुम्हीच सांगा, 'आधी खोटं लिही, मग शिकवतो' म्हणणारे त्या पोरीला शिकवणार तरी काय?

आत्ता दुकान बंद करताना अर्जावर तीन सह्या आहेत. शिरीनताईंची, माझी आणि माझ्या बायकोची.