तापीवरून टाकलेला नारळ

इंग्रजांच्या राज्यात एकदा तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या माळावर विमान आलं होतं. पैसे भरले की वरून एक फेरी मारून आणायचे. बायको म्हणाली, "तुम्हीच मरा. मी नदीवर धुनं धुस."

माझ्या शेजारी एक म्हातारा शेतकरी बसला. चढण्याआधी त्याने विमानाला बैलासारखं थोपटलं. वर गेल्यावर भीतीने माझी मांडी पिरगाळली, मग खाली बघून पोरासारखा हसला. तापी दिसली तसा त्याने उपरण्यातून नारळ काढला अन् माझ्या कानात ओरडला, "तापीमायले नारय दिधाबिगर मी वलांडाव नई. मन्हं धोतर धर!"

विमान वरून उघडंच होतं. चालवणारा साहेब मागून शिव्या देत होता. मी धोतर धरलं, त्याने नारळ सोडला. मग खाली धुणं धुणाऱ्या बाया दिसल्या. म्हातारा माझ्याकडे वळला.

"कोन्हं डोकं फुटनं व्हई का रे भाऊ?"

माझी बायको तिथेच होती.

आम्ही उतरलो, तर ती चिंब भिजलेली, नारळ हातात घेऊन माळावर आली. "कोन शे तो मुडदा?"

म्हातारा सरळ तिच्या पाया पडला. "माय, पोचना ना तुले?"

ती पोट धरून हसली. नारळ फोडून पहिला तुकडा त्यालाच दिला.

माझ्याबरोबरच्या संसारात ती पुन्हा तशी हसली नाही. आता ती गेली. तिचं ते हसणं पाहिलेला दुसरा माणूस तो एकच, अन् मी गाढवाने त्याचं नावही विचारलं नाही.