खजुराची बी

"माघारी फिर. उचल. मंग धाव."

हे तीन हुकूम देताना चाचांचे हात कधी हलत नसत. हात पाठीमागे बांधलेले असायचे. हलायची ती हनुवटी. 'माघारी फिर' म्हणताना ती डावीकडे वळे, 'उचल' म्हणताना खाली जाई, आणि 'धाव' म्हणताना अशी वर उडे की खुरटी पांढरी दाढी थेट समुद्रावर रोखली जाई. मांडवीला संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती हनुवटी पाहिली असेल. भेळेच्या गाड्या संपल्या की पुढे पाच तट्टं उभी असायची आणि त्यांच्याशेजारी चाचा. शनिवार-रविवारी ते लहान मुलांना तट्टांवरून फेऱ्या मारून आणत. तुमच्या घरातल्या एखाद्या मुलाचा तसा फोटोही असेल, टोपी वाकडी झालेला आणि चेहरा रडवेला.

मी जवळच्याच शाळेत खेळाची बाई. शाळेला मैदान आहे, पण ते एवढंसं की लंगडीत पोर बाद व्हायच्या आधी कुंपणाला धडकते. म्हणून धावण्याच्या सरावाला मी मुलींना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर न्यायची. एकदा रिलेचा सराव चालू असताना एका मुलीच्या हातून काठी वाळूत पडली, आणि ती तशीच रिकाम्या हाताने सुसाट पळत सुटली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही काही बोलले नाही.

तट्टांकडून एक उंच, वाळका माणूस चालत आला. त्याने काठी उचलली, वाळू झटकली आणि माझ्या हातात दिली.

"बाई, पोर पोचली. काठी हितंच राहिली."

"सराव आहे हो नुसता."

"मंग चुकायचा सराव करताय काय?"

मला भयंकर राग आला. वीस वर्षं खेळ शिकवणाऱ्या बाईला तट्टूवाल्याने शिकवायचं म्हणजे काय! पण रागाच्या भरातही माणूस बरोबर बोलला हे कळत होतं. मी त्या मुलीला मागे पाठवलं, काठी घ्यायला लावली आणि पुन्हा पळवलं. चाचा लांबून बघत होते. त्यांची हनुवटी वर उडालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

चाचा मस्कतला एका तबेल्यात एकवीस वर्षं काढून परत आलेले. आखातातून कोणी सोनं आणतं, कोणी घर बांधण्यापुरतं गाठीला बांधून आणतं. चाचांनी एक खेळ आणला होता. तिथे सुट्टीच्या दिवशी साहेबलोकांची मुलं तट्टांवरून रिले खेळायची. म्हणजे कसं, तर पहिल्या स्वाराने हातातली झेंडी घेऊन भरधाव जायचं, ती पलीकडच्या पिंपात टाकायची, येताना अलीकडच्या पिंपातली दुसरी उचलायची आणि पुढच्या स्वाराच्या हातात द्यायची. असे चार स्वार. झेंडी पडली तर खाली उतरायचं, ती उचलायची आणि उडी मारून पुन्हा तट्टावर बसायचं. चूक झाली तर शर्यत संपायच्या आत मागे जाऊन ती दुरुस्त करायची मुभा. पण चूक तशीच ठेवून रेषा ओलांडली की सगळा संघ बाद.

"तुम्हीही खेळायचात?" मी विचारलं.

"छे! मी काठ्या रोवायचो. शर्यत झाली की झेंड्या गोळा करायचो. एकवीस वर्सं दुसऱ्यांच्या पडलेल्या झेंड्या उचलल्या, बाई." मग जरा थांबून म्हणाले, "एकदा आपली पोरं, आपली तट्टं, असा संघ उतरलेला बघायचाय. बास. मंग मी मोकळा."

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला नाही म्हणताच येईना.

मुली मी जमवल्या. चार स्वार आणि एक राखीव अशा पाच. आयांची समजूत चाचांनी घातली. सानिका म्हणजे आमची सगळ्यांत चपळ मुलगी. तिची आई जेट्टीवर मासळी विकते. ती म्हणाली, "घोड्यावर नवरा बसतो. पोरीचं काय काम त्याच्यावर?"

"वयनी, नवरा एकदाच बसतो," चाचा म्हणाले, "आणि तो पण घाबरत."

वयनी हसली आणि सानिका संघात आली.

तट्टांत एकाचं नाव मॅनेजर होतं. तो कायम बाजूला उभा राहून बाकीच्या चौघांकडे बघत असे, म्हणून ते नाव. मस्कतचा मॅनेजर तसाच होता म्हणे. या मॅनेजरला शर्यतीत नेहमी शेवटी सोडायचं. बाकीच्यांची कामं झालेली बघितल्याशिवाय तो हलायचाच नाही, पण एकदा हलला की वाऱ्याला हात लावू देत नसे. सानिका मॅनेजरवर, म्हणजे शेवटची, हे आपोआप ठरलं.

सरावाला कपडे धुवायच्या पावडरीची निळी पिंपं, कळकाच्या काठ्या, शाळेच्या जुन्या गणवेशांच्या झेंड्या. चाचांचा हट्ट एकच, डोक्यावर हेल्मेट नसेल तर तट्टाला हात लावायचा नाही. वेळ समुद्र ठरवायचा. शाळेच्या फळ्यावर मी लिहायची, 'उद्याचा सराव ओहोटीला.' एका मुलीचे वडील बदली होऊन घाटावरून आलेले. त्यांनी मला फोन करून विचारलं, "बाई, ओहोटी नक्की किती वाजता असते?" मी म्हटलं, रोज वेगळ्या वेळी. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

पहिले सहा महिने किनाऱ्यावर दुसरं काही ऐकूच आलं नाही. माघारी फिर, उचल, मंग धाव. भेळवाला गिऱ्हाइकाचे सुटे पैसे खाली पडले तरी तेच म्हणायला लागला. मुली हसत, चिडत, पडत, परत चढत. पण चाचा काही सोडत नसत. झेंडी बोटभर जरी तिरकी पडली तरी हनुवटी डावीकडे वळलीच.

मग घाटावरच्या एका शहरात स्पर्धा असल्याचं कळलं. नियमांचा कागद आला तो मी चाचांना वाचून दाखवला. त्यात एक नियम असा होता की शर्यत चालू असताना दोरीबाहेरून कोणी स्वाराला काही सांगायचं नाही. सांगितलं तर संघ बाद.

"बरोबर हाय," चाचा म्हणाले. "मस्कतला पण असंच व्हतं."

टेम्पो करून आम्ही आंबा घाट चढलो. तिथली तट्टं बघून आमच्या मुलींची तोंडं उतरली. आयाळींच्या वेण्या घातलेल्या, अंगावर झुली, खूर चकचकीत. आमच्या मॅनेजरच्या कानात अजून वाळू होती. एका गृहस्थांनी जरा हसतच विचारलं, "ही बीचवर फेऱ्या मारणारी आहेत का हो?"

"होय," चाचा म्हणाले, "समुद्र बघितलेली हायत."

आणि खरं सांगते, त्या दिवशी आमच्या मुलींनी मैदान गाजवलं. ओल्या वाळूत पळायची सवय असलेली तट्टं कोरड्या मैदानावर अशी सुटली की त्या गृहस्थांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. शेवटची शर्यत झेंड्यांची. ती जिंकली की स्पर्धाच आमची होती. सानिका निघाली तेव्हा आम्ही चांगले पुढे होतो. तिने झेंडी पिंपात टाकली. झेंडीची काठी पिंपाच्या काठावर आपटली आणि बाहेर पडली.

"सानिकाऽऽ! माघारी फिर!"

साऱ्या मैदानावर तो एकच आवाज घुमला. पंचाचा हात वर गेला.

सानिकाने मॅनेजरला वळवलं, उतरली, झेंडी उचलली, नीट टाकली, उडी मारून बसली आणि एवढं करूनही पहिली आली. पण त्याला आता काही अर्थ नव्हता. आम्ही बाद झालो होतो.

मुली रडत होत्या. मला रडूही येत नव्हतं, नुसता संताप आला होता. इतक्यात सानिका उतरून चाचांसमोर उभी राहिली. ती रडत नव्हती.

"चाचा, मी बघितलं होतं. मी फिरतच होते."

चाचा वळले आणि मॅनेजरचा लगाम धरून टेम्पोकडे चालू लागले.

आंबा घाट उतरताना ते टेम्पोत मागे, तट्टांबरोबर बसले. खाली आल्यावर चहाला थांबलो, तेव्हा मुलींच्या घोळक्यापाशी येऊन म्हणाले, "चूक माझी. शर्यत संपली, आता ती सुधारायला मला काय माघारी जाता येत नाय." आणि चहा न पिता परत मागे जाऊन बसले. माझा संताप तिथेच विरला. एवढ्या वयाचा माणूस पाच पोरींसमोर असा उभा राहतो, त्याच्यावर किती वेळ चिडायचं?

पुढच्या ओहोटीला सरावाला गेलो तर चाचा गप्प. एका पोरीची झेंडी पडली. मुली सवयीने त्यांच्याकडे बघत राहिल्या. चाचा नुसते उभे. गाल मात्र एका बाजूला फुगलेला.

"चाचा, दात दुखतोय?"

त्यांनी बोट वर करून मला थांबवलं, शर्यत संपू दिली आणि मग तोंडातून खजुराची बी काढून दाखवली. "तोंडात खजूर असला की माणूस बोलत नाय, बाई. पोरींना बघता येतं. माझाच त्यांच्यावर भरवसा नव्हता."

वर्षभर हे चाललं. रोज इतके खजूर पोटात गेले की डॉक्टरांनी साखरेचा कागद दाखवून दम भरला. तेव्हापासून चाचा खजूर तट्टांना घालू लागले आणि बी तेवढी धुऊन स्वतःच्या तोंडात ठेवू लागले. मॅनेजरला हा बदल फार पसंत पडला. किनारा मात्र सुना सुना झाला. भेळवाल्याने मला एकदा हळूच विचारलं, चाचांचं आणि पोरींचं वाजलंय का? मी म्हटलं, नाही, आता कुठे जुळलंय. सुरुवातीला झेंडी पडली की मुली घुटमळायच्या. मग एक वळली, मग दुसरी. पावसाळ्याच्या तोंडाशी पाचही जणी कोणाकडे न बघता वळायला लागल्या.

दुसऱ्या वर्षी पुन्हा घाट चढलो. पुन्हा शेवटची शर्यत झेंड्यांची. या वेळी तिसऱ्या मुलीकडून सानिकाकडे देतानाच झेंडी निसटली आणि मॅनेजरच्या पायांत पडली. माझं तोंड उघडलं. आवाज घशापर्यंत आला होता, तेवढ्यात माझं मनगट कोणीतरी गच्च धरलं. चाचांनी. त्यांची नजर मैदानावर होती आणि जबडा असा आवळलेला की बी फुटेल असं वाटलं. सानिका उतरली. उचलली. बसली. आणि मॅनेजर जो सुटला, तो बाकीचे संघ मान वळवेपर्यंत परत आला होता.

शर्यत आमची. स्पर्धाही आमची.

सगळे नाचत होते तेव्हा चाचा कुठे दिसेनात. बघते तर मैदानात वाकून झेंड्या गोळा करताहेत. एकवीस वर्षांची सवय. सानिका धावत गेली आणि त्यांच्या हातून झेंड्या ओढून घेतल्या. "चाचा, तुम्ही नाही उचलायच्या. तुम्ही बक्षीस घ्यायला चला." चाचांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही, पुसलंही नाही.

उतरताना ते पुढे, माझ्या शेजारी बसले. खिशातून एक खजूर काढून माझ्या हातावर ठेवला.

"बाई, हा तुमाला. आज तुमी ओरडणार व्हतात."

"तुम्ही धरलंत ना."

"दर वर्सी मी धरायला येणार हाय काय?"

मी तो खजूर खाल्ला आणि बी फेकणार, तर त्यांनी हनुवटीने नको म्हटलं. मी ती रुमालात बांधली.

गेल्या पावसाळ्यात, तट्टं गोठ्यात बांधलेली असताना, चाचा गेले. आजारपण असं नव्हतंच. दुपारी तट्टांना चारा घातला आणि तिथेच बसले ते उठले नाहीत. त्या दिवशी मी रडले नाही. पाऊस ओसरल्यावर शाळेच्या फळ्यावर 'उद्याचा सराव ओहोटीला' लिहायला घेतलं आणि तिथे, वर्गातल्या मुलींसमोर, मला रडू आवरेना.

तट्टं आता सानिका बघते. ती कॉलेजात आहे. शनिवार-रविवारी फेऱ्या मारते, बाकीचे दिवस माझ्या नव्या मुलींना शिकवते. या वर्षी आम्ही पुन्हा घाट चढलो. संघात सगळ्या नव्या. शेवटच्या शर्यतीला आम्ही दोघी दोरीबाहेर उभ्या. माझ्या तोंडात चाचांनी दिलेली बी होती. सानिकाच्या गालातही एक होती. ती तिने कुठून आणली ते मी विचारलं नाही.

मॅनेजरवरच्या मुलीने झेंडी टाकली आणि ती पिंपाच्या काठावर आपटून बाहेर पडली.

मी बी दातांखाली घट्ट धरली. सानिकाचे हात पाठीमागे बांधलेले होते. तिची हनुवटी हळूच डावीकडे वळली, मग खाली गेली.

पण ती पोर आमच्याकडे बघतच नव्हती. ती केव्हाच माघारी फिरली होती.