रामटेके काकांनी पास केलेला डबा

रामटेके काका कुठल्याही बंद पॅनेलसमोर गेले की आधी उजव्या हाताची पालथी बाजू त्याच्या दारावर टेकवायचे. क्षणभर थांबायचे आणि मगच कडी काढायचे. मी एकदा विचारलं, "तळहात का नाही लावत?"

"करंट असन तं तळहाताची मूठ आवळते बाई, मग सुटत नाही. पालथा हात झटक्यानं मांगं येते. इतके साल असंच करून राहिलो, म्हणून आज तुह्यासंग बोलून राहिलो."

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समधून ते निवृत्त झाले होते. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून कारखान्याच्या बांधकामावर आलेले. काकांनी कुरुदला दोन खोल्या बांधल्या होत्या. घरी नुसतं बसवत नाही म्हणून ते आमच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये येऊ लागले. मी तिथे ड्रॉइंग काढायचे. पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून टेबलाशी आले आणि म्हणाले, "मराठी होय का तू? बरं झालं. दिवसभर हिंदी बोलून तोंड दुखते मायं." मी दुर्गची, लग्नानंतर स्मृती नगरला आलेली. माझी मराठीही घरापुरतीच उरली होती. वर्कशॉपमध्ये ती काकांमुळे परत तोंडात आली.

आमच्याकडे एरवी हॉपर, कन्व्हेयरचे सांगाडे असली कामं असत. एका वर्षी मालकांनी बोटीचं काम घेतलं. धरणाच्या पाण्यापलीकडे राहून गेलेल्या गावांतली माणसं बाजाराला, दवाखान्याला आणण्या-नेण्यासाठी तीस माणसांची लोखंडी बोट. भिलाईत बोट बनणार म्हटल्यावर सगळे हसले. काका मात्र सांगाडा उभा राहिला तसे डेकखालच्या इंजिनरूममध्ये उतरले आणि तासभर तिथेच बसून राहिले. वर आले ते विचारात पडलेले. "इथं पाणीबी राहीन, तेलबी, गरमीबी. कारखान्यात या तिघाईले आम्ही एका जागी येऊ देत नव्हतो."

इंजिनचं चार्जिंग, दिवे आणि बोटीच्या तळाशी साचणारं पाणी उपसून फेकणारा पंप, या सगळ्यांचे ब्रेकर एकाच डब्यात बसायचे होते. तो डबा कोणता घ्यायचा, एवढंच काकांना ठरवायचं होतं. मला ते एका दुपारचं काम वाटलं. काकांनी तीन आठवडे घेतले.

माझ्या टेबलावर त्यांनी तीन डबे आणून मांडले. रंग दिलेला पत्र्याचा त्यांनी नखानं खरवडला आणि बाजूला सारला. "पह्यल्या बरसातीत गंजून जाईन." फायबरचा गंजणारा नव्हता, पण त्यातून उष्णता बाहेर पडत नाही, असं ते म्हणाले. उरला स्टेनलेसचा, दाराला रबराची पट्टी असलेला. मला वाटलं, निवड झाली. काकांनी मान हलवली.

"खरं काम तं आता हाय. पाणी आत नाही येऊ द्याचं तं डबा गच्च बंद पाह्यजे. गच्च बंद केला तं आतली गरमी जाईन कोठी? गरमी वाढली का ब्रेकर पडते. करंट वाढला नसन तरी पडते. अन् ब्रेकर पडला का पंप बंद."

"मग?"

"डबा मोठा पाह्यजे, ब्रेकर दूर दूर बसवाचे. नाही तं खाली लावाचाच नाही. वर, ड्रायव्हरपाशी लावाचा. मले विचारशीन तं वरच."

मी तसं ड्रॉइंग काढलं. मालकांनी पाहिलं आणि म्हणाले, "ऊपर लगाएँगे तो दो सवारी की सीट जाएगी. पार्टी मानेगी नहीं." मग काकांनी खालच्या मोठ्या डब्याची मापं दिली. तो लावला तर इंजिनरूममध्ये उतरायच्या शिडीला आडवा येत होता. तीन दिवस वाद चालला. शेवटी मालक शांतपणे म्हणाले, "काका, आपसे नहीं होगा तो दूसरा आदमी पत्रे वाला लगा देगा. बोट सोमवार को ट्रेलर पर चढ़ानी है."

काका दुपारभर माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसून होते. चहा आला, तसाच राहिला. मग म्हणाले, "पत्र्याच्यापरीस हा लहान स्टेनलेसचा बरा ना, बाई?" मी म्हटलं, "बराच की." मला काय कळत होतं? पण त्यांना कोणाकडून तरी ते ऐकायचं होतं आणि मी ऐकवलं. त्यांनी ड्रॉइंगवर सही केली. सगळ्या वायरी डब्याच्या खालून घेतल्या, आत साचलेला ओलावा जायला तळाशी वाट ठेवली, आणि दारावर स्वतः हिंदीत पट्टी चिकटवली: इंजन चालू हो तब ढक्कन न खोलें.

बोट थंडीत पाण्यावर उतरली. काकांना कार्यक्रमाला बोलावलं होतं. परत आल्यावर सांगत होते की बोट चालवणारा फिरतू निषाद कामाचा गडी आहे, त्यानं प्रत्येक ब्रेकर कशाचा ते विचारून घेतलं. फिरतूनं त्यांचा नंबरही घेतला होता.

चैत्रात त्याचा पहिला फोन आला. काकांनी स्पीकर लावला होता. "कका, पंप के ब्रेकर घेरी-बेरी गिर जाथे." सारखा पडतोय. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी मालकांना सांगितलं, पत्र लिहिलं, मोठ्या डब्याची मापं पुन्हा दिली. मालक म्हणाले, उन्हाळा संपला की बघू. काकांनी फिरतूला सांगितलं, फेऱ्या कमी कर, मधे इंजिन थंड होऊ दे. फिरतू म्हणाला, बाजाराच्या दिवशी लोक काठावर उन्हात उभे असतात, त्यांना कसं थांबवू?

बाजाराच्याच दिवशी बोट भरलेली असताना पंप बंद पडला. तळाला पाणी वाढू लागलं. फिरतूनं इंजिनरूममध्ये उतरून डबा उघडला, ब्रेकर वर केला, आणि पुन्हा पडू नये, वारा लागावा म्हणून ढक्कन तसंच उघडं ठेवलं. थोड्या वेळानं इंजिनचा गरम पाण्याचा पाइप फुटला आणि फवारा सरळ डब्यात गेला. फिरतू खालीच होता. डब्यात ठिणगी उडून तळाच्या तेलकट पाण्यावर आगीचा लोळ उठला. काठ जवळ होता, म्हणून बाकी सगळी माणसं उतरली.

काका त्याला दवाखान्यात भेटायला गेले, मी बरोबर होते. पांढऱ्या पट्ट्यांतून फक्त डोळे आणि ओठ दिसत होते. काकांना ओळखल्यावर तो म्हणाला, "कका, ढक्कन मैं खोले रहेंव. मोर गलती होगे." ढक्कन मी उघडलं होतं, माझी चूक झाली. बाहेर येऊन काका जिन्याच्या पायरीवर बसले. "तो मले माफी मांगून राहिला, बाई. मले." फिरतू चौथ्या दिवशी गेला.

चौकशीला दोन साहेब आले. काका त्यांच्यासमोर सरळ उभे राहिले. "डब्बा छोटा था. ब्रेकर गरमी से गिरता था. मुझे मालूम था और मैंने पास किया." साहेबांनी कागद उलटले. "आपका डब्बा तो ठीक पाया गया है. ढक्कन किसने खोला?"

"नहीं खोलता तो पंप नहीं चलता, साहेब. नाव में लोग थे."

"वो अलग बात है."

त्यांनी लिहिलं, चालक निष्काळजी. मालक काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपको बचा रहे हैं, काका." काकांनी तो हात बाजूला केला आणि जबाबावर सही केली नाही. त्यांच्या सहीवाचूनच अहवाल गेला.

त्यानंतर ते वर्कशॉपमध्ये आले नाहीत. अर्ज करत राहिले. तो एक शब्द, निष्काळजी, फिरतूच्या नावापुढून काढा आणि माझ्या नावापुढे लावा, एवढंच त्यांचं मागणं. प्रत्येक कचेरीत त्यांना सांगत, फाईल वर गेली आहे. एकदा ते फिरतूच्या गावी गेले. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि विचारलं, हे साहेबांसमोर का नाही सांगितलं? "सांगतलं म्हटलं," काका मला म्हणाले. "पण तिले पटलं नाही. कावून पटन?"

पुढच्या वर्षी काकांची छाती भरून येऊ लागली. चालताना दम लागायचा, मग बसूनही लागू लागला. त्याच सुमारास आम्हाला दुसऱ्या बोटीचं काम आलं. मी डबा वर, ड्रायव्हरपाशी दाखवून ड्रॉइंग नेलं. मालकांनी ते परत सरकवलं. "पुराना वाला ही निकालो. वो तो जाँच में पास हुआ है." मी जुनंच काढलं. नोकरी सोडता आली असती, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

त्या रविवारी मी कुरुदला गेले. काका उशांना टेकून बसले होते. बोटीची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

"डबा कोठी लावून राहिले?"

"वर," मी म्हटलं. "ड्रायव्हरपाशी."

"मालक मानला?"

"मानला."

त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "कोणत्या हाताले?"

परत आलेल्या ड्रॉइंगमध्ये होता तसा मी सांगितला. "डाव्या."

"नको," ते एकदम चिडून म्हणाले. "डाव्या हातानं गडी चाक धरते. उजव्या हाताले घे. हात लांबवला का पोचला पाह्यजे."

"उद्याच बदलते, काका."

ते डोळे मिटून पडून राहिले. बोटं चादरीवर काहीतरी मोजत होती. मी निघाले तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आज जरा बरं बोलले."

आठ दिवसांनी काका गेले. दुसरी बोट त्याच महिन्यात ट्रेलरवर चढून आमच्या फाटकातून बाहेर पडली. डबा खालीच होता, शिडीजवळ, आणि ड्रॉइंगवर या वेळी माझी सही होती.